शेवटचं पान

देवासच्या आमच्या महिला स्वाध्याय मंडळाचा नियम आहे, चातुर्मासात एक ग्रंथ पुरा करायचा. दोन वर्षांपूर्वी ‘सागारधर्मामृत’ घेतलं होतं. पंडित आशाधरांचा हा ग्रंथ श्रावकांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांसाठी आहे. शेवटचा श्लोक झाला, जिनवाणीची स्तुती झाली आणि पुस्तक वेष्टनात बांधायला घेतलं. मी म्हटलं, “अजून दोन पानं आहेत की.” आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकी म्हणाल्या, “ती प्रशस्ती आहे गं. त्यात धर्म नाही, नुसती नावं-गावं आहेत.”

नावं-गावं म्हटल्यावर माझे कान टवकारले. बी.ए.ला माझा इतिहास होता. ते पुस्तक मी घरी आणलं आणि रात्री ओटा आवरल्यावर चष्मा लावून बसले. संस्कृत मला जेमतेम येतं, पण खाली हिंदी अर्थ होता. दुसऱ्याच ओळीत थबकले. आशाधर स्वतःचं कुळ सांगतात: व्याघ्रेरवाल. म्हणजे बघेरवाल! माझं माहेर कारंजा लाडचं, आम्ही बघेरवाल. आपले पूर्वज राजस्थानातून आले एवढं आजी सांगायची. कधी आणि का आले, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आशाधर मात्र का ते सांगतात. त्यांचा जन्म मांडलगडचा, आजच्या भिलवाडा जिल्ह्यातला. शहाबुद्दीन घोरीने 1192 मध्ये पृथ्वीराजाला हरवलं आणि तो सगळा मुलूख त्याच्या हाती गेला. आपलं आचरण तिथे टिकणार नाही या भीतीने आशाधर बराच मोठा परिवार घेऊन माळव्यात धारानगरीला, म्हणजे आजच्या धारला आले. तिथे राज्य परमारांचं, गादीवर विंध्यवर्मा. पंडित महावीर यांच्याकडे ते व्याकरण आणि न्याय शिकले. पुढे अर्जुनवर्म्याच्या राज्यात धार सोडून नलकच्छपुरला राहायला गेले, कारण तिथे श्रावकांची वस्ती दाट होती. हे नलकच्छपुर म्हणजे धारहून मांडूला जाताना लागणारं नालछा. तिथल्या नेमिनाथ चैत्यालयात बसून त्यांनी एकामागून एक ग्रंथ पुरे केले: ‘सागारधर्मामृता’ची टीका विक्रम संवत 1296 मध्ये, ‘अनगारधर्मामृता’ची 1300 मध्ये, म्हणजे इसवी सन 1243 च्या सुमारास. मांडूला मी तीनदा गेले आहे. तिन्ही वेळा नालछ्यावरून गाडी गेली आणि मी मुलांना केळी सोलून देत होते.

आता माणूस स्वतःबद्दल लिहितो ते सगळं खरं कशावरून? लग्नाच्या स्थळाची माहिती वाचताना आपण नाही का पारखून घेत? प्रशस्तीत आशाधर म्हणतात की ‘बालसरस्वती’ म्हणवणारा महाकवी मदन माझ्याकडे काव्य शिकला. मोठं नाव घ्यायला काय जातं, असं मनात आलंच. पण इथे धारचा दगड साक्षीला येतो. 1903 मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना भोजशाळा-कमाल मौला परिसरात एक मोठी शिळा मिळाली. पवारांच्या राज्यात नोकरीला असलेला हा आपला मराठी माणूस. त्या शिळेवर ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले आहेत. उरलेले दोन अंक असलेली दुसरी शिळा काही मिळाली नाही. नाटिकेचा कर्ता हाच मदन, अर्जुनवर्म्याचा राजगुरू. त्या राजाची दानाची ताम्रपटं आहेत, त्यांचा मजकूरही राजगुरू मदनानेच रचला असं त्यांवर लिहिलेलं आहे. मदन होता, त्याच काळात होता, त्याच दरबारात होता. तो कुणाकडे शिकला हे दगड सांगत नाही. तेवढ्यापुरता आशाधरांवर विश्वास ठेवायचा. मी ठेवते.

पण माझी नजर फिरत होती ती बायकांची नावं शोधत. आईचं नाव आहे, श्रीरत्नी. वडील सल्लक्षण. बायकोचं नाव सरस्वती, आणि त्यावर पंडितजींनी श्लेष केला आहे: सरस्वतीच्या, म्हणजे विद्येच्या ठायी जसं स्वतःला घडवलं, तसा सरस्वतीच्या, म्हणजे पत्नीच्या पोटी छाहड नावाचा गुणी मुलगा झाला. श्लेष छान साधला, पण बाई कशी होती ते राहूनच गेलं. मांडलगडहून ती बरोबर आली की धारलाच लग्न झालं? ग्रंथामागून ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचं घर कुणी चालवलं? त्यांच्याच ‘त्रिषष्टिस्मृतिशास्त्रा’च्या शेवटी, संवत 1292 चं, आणखी एक नाव आहे. पहिली प्रत लिहिणाऱ्या धीनाकाची ओळख महण आणि कमलश्री यांचा मुलगा अशी दिली आहे. बापाबरोबर आईही!

शेवटची पानं वाचायची चटक लागली ती अशी. याच धारेत आशाधरांच्या पावणेतीनशे वर्षं आधी कवी धनपालाने एक प्राकृत शब्दकोश केला, ‘पाइयलच्छीनाममाला’. कुणासाठी? धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव सुंदरी, आणि हे त्यानेच शेवटी लिहून ठेवलं आहे. वर सालही दिलं: विक्रम संवत 1029, माळव्याच्या राजाने मान्यखेट लुटलं तेव्हा. मान्यखेट ही राष्ट्रकूटांची राजधानी, आता कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. एवढं मोठं साम्राज्य कोसळलं त्याचं साल, इसवी सन 972, इतिहासकारांनी घेतलं ते बहिणीला दिलेल्या कोशातून.

लुटलेल्या बाजूचाही एक श्लोक आहे. मान्यखेटात आपला अपभ्रंश कवी पुष्पदंत राहत होता. त्याच्या ‘महापुराणा’च्या काही पोथ्यांत तो विचारतो की धारेच्या राजाच्या रागाने हे नगर जळलं, आता मी राहू कुठे? गंमत अशी की महापुराण पुरं झालं 965 मध्ये, लूट त्यानंतर सात वर्षांनी. म्हणजे श्लोक मागाहून घातलेला. इकडे बहिणीच्या पुस्तकावर तारीख टाकायला जी लूट उपयोगी पडली, तिकडे तिनेच कुणाचं तरी घर गेलं.

कॉलेजात आम्हाला युरोपच्या मध्ययुगाचा पेपर होता. शंभर वर्षांचं युद्ध, प्लेगची काळी साथ, राजे आणि पोप. परीक्षा झाली आणि सगळं विसरले. मुलीने मागे एक पुस्तक आणून दिलं, त्यात इटलीतल्या प्रातो गावच्या दातिनी नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट होती. 1410 मध्ये तो वारला. आपण चोपडीवर ‘शुभ लाभ’ लिहितो तसं त्याच्या खातेवहीच्या सुरुवातीला देवाच्या जोडीने नफ्याचंही नाव असे. त्याची सुमारे दीड लाख पत्रं 1870 मध्ये त्याच्याच घरात जिन्याखाली सापडली. त्यांत त्याची बायको मार्गेरिता हिची पत्रं आहेत, अडीचशेच्या आसपास. आधी ती दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायची, मग मोठ्या वयात स्वतः लिहायला शिकली. नवऱ्याला चांगलं खडसावते ती. वाचून हसले आणि मग मला सरस्वतीची आठवण झाली. मार्गेरिताच्या दीडशे वर्षं आधी नालछ्यात राहिलेली. तिचा एक शब्दही आपल्याकडे नाही, फक्त नाव आहे, तेही शेवटच्या पानावर.

आता माझी चूक सांगते. सासूबाई गेल्यावर त्यांची ट्रंक मी उघडली. आत कपड्यात बांधलेल्या तीन हस्तलिखित पोथ्या होत्या, कडा खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या आजीने व्रताच्या उद्यापनाला शास्त्रदान म्हणून त्या लिहवून घेतल्या होत्या. घरात जीर्ण शास्त्र ठेवायचं तर विनय सांभाळायला हवा, आणि मला ते झेपेना. मंदिरातल्या इतर जीर्ण पोथ्यांबरोबर त्याही विसर्जनाला दिल्या. मोठ्या श्रद्धेने दिल्या. शेवटचं पान उघडून बघायचं सुचलं नाही. दान देणाऱ्या बाईचं नाव असतं ते तिथेच. सासूबाईंच्या त्या आजीचं नाव आता आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. नणंदांना विचारलं, त्यांनाही नाही.

गेल्या दिवाळीत कारंज्याला वहिनीला फोन केला. माहेरच्या देवघरात एक पोथी अजून आहे, तिचं शेवटचं पान मला वाचून दाखव म्हटलं. वहिनी गॅस बंद करून आली. अक्षर लावत लावत तिने वाचलं: संवत आहे, पण आकडे पुसलेत. कारंजानगर आहे. मग ‘बाई’ असं स्पष्ट आहे.

“आणि बाईच्या आधी?” मी विचारलं.

“आधी कसरीने खाल्लंय, वन्सं,” वहिनी म्हणाली. “थांबा, खिडकीशी नेऊन बघते.”