मिरीचं आडनाव

बँकॉकच्या बाजारात 'फ्रिक थाई' मागितलं, तर हाती मिरची पडत नाही. पुडीत येते काळी मिरी. थाई भाषेत 'फ्रिक' म्हणजे मिरची. मग मिरीला 'थाई मिरची' कशाला म्हणायचं? स्वतःच्या घरातल्या वस्तूला कुणी देशाचं नाव लावत नाही. ते लावावं लागतं पाहुणा आल्यावर, आणि तोही मूळ नावच बळकावून बसल्यावर.

पाहुणा अर्थात अमेरिकेतून निघालेला. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच साली त्यांचा दूत दुआर्ते फर्नांदिश सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, तेव्हाच्या राजधानीत अयुथ्थयाला पोहोचला. पुढे मिरची 'फ्रिक' झाली आणि जुन्या फ्रिकला आडनाव घ्यावं लागलं.

मराठीत हा तंटा सामोपचाराने मिटला. मिरी मिरीच राहिली, नवीन आलेली मिरची झाली. कोकण-गोव्यात ती 'मिरसांग', म्हणजे सरळ मिरीची शेंग! तरीही आपण 'काळी मिरी' म्हणतोच. ते 'काळी'सुद्धा एका परीने आडनावच.

मिरी आणि मिरची या दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत 'मरिच'. मलायात तेच 'मेरिचा', ख्मेरमध्ये 'म्रेच'. मग 'फ्रिक'ही याच घराण्यातला का? इथे भांडण आहे. थाई उच्चारात शब्दाच्या शेवटचा च किंवा ज टिकत नाही, त्याचा त होतो; 'राज' तिथे 'रात' होतो. त्या हिशेबाने 'म्रेच'चा शेवट त व्हायला हवा होता, झाला क. शिवाय आरंभीच्या म चा फ कसा झाला? विरोधकांची बाजू कच्ची नाही. त्यातले काही तर 'मरिच'च संस्कृतने बाहेरून उसना घेतला असं मानतात. कुणी पूर्वेच्या भाषांकडे बोट दाखवतं, कुणी तमिळ 'मिळगु'कडे. पण 'रात' पोथीतून आला, मसाला मात्र गलबतातून येतो. बंदरावर कानोकानी फिरलेला शब्द व्याकरणाला विचारून वळत नाही. एखाद्या मधल्या भाषेत घासून 'म्रेच'चा 'फ्रिक' झाला असणार, हेच अधिक पटतं. आणि संस्कृत शब्दांची चेष्टा करण्यात थाई बाजार तसाही पटाईत आहे : आपला 'देश' तिथे 'थेत' झाला आणि अर्थ झाला परदेशी! 'मखुआ' म्हणजे वांगं, म्हणून टोमॅटो 'मखुआ थेत', परदेशी वांगं.

आता 'नाम फ्रिक'. 'नाम' म्हणजे पाणी. आज ही घराघरातली कुटलेली चटणी. कपी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायचा. मातीच्या खलात लाकडी बत्त्याने लसणाबरोबर कुटायचा. मग इवल्या मिरच्या, ताडगूळ, लिंबू, माशाचं खारं पाणी. मिरच्या नुसत्या ठेचायच्या, त्यांचा लगदा करायचा नाही. सोबत कच्च्या-उकडलेल्या भाज्या आणि तळलेली 'प्ला थू', आपल्या बांगड्याची चुलत बहीण. मालवणी माणसाला हे ताट परकं वाटणार नाही.

१६८७ मध्ये सयामला गेलेला फ्रेंच वकील सिमों द ला लूबेर तिथल्या साध्या पातळ कालवणांचं वर्णन करतो : पाणी, थोडे मसाले, लसूण, कांद्याची पात. कपीचंही नाव तो नोंदवतो. मिरची येण्याआधीचं 'नाम फ्रिक' असंच असणार, शब्दशः मिरीचं पाणी.

त्या काळाचा पुरावा अजून खलात सापडतो. कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि मिरी ही तिकडी थाई घरात मांसाला चोळायला, रश्श्यात घालायला, खिम्याच्या गोळ्यांत मिसळायला रोज कुटली जाते. तिच्यात मिरची नसते. रानातल्या झणझणीत रश्श्यात, 'केंग पा'मध्ये, मिरच्यांच्या जोडीला हिरव्या मिरीचे घोसच्या घोस देठासकट पडतात. ही मिरी पिकवण्यात चांथाबुरी प्रांताचं नाव आहे. तिथल्या वेलीवरही ती 'फ्रिक थाई'च, आडनावासकट.