चिठ्ठीचं कूळ

‘चिठ्ठी आणलीत का?’ फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पूर्वी हमखास हा प्रश्न यायचा. अजूनही बऱ्याच ठिकाणी येतो. चिठ्ठी म्हणजे अर्थातच डॉक्टरांची. मान आखडलेला, गुडघा सुजलेला माणूस समोर उभा असतो, पण आधी पाहिला जातो तो त्याच्या हातातला कागद. हा कागद रोग्याच्या भल्यासाठी आहे, अशीच आपली समजूत असते. त्याचं कूळ शोधत मागे गेलं, की आपण १८९४ सालच्या लंडनमध्ये पोहोचतो. तिथे भीती होती ती वेगळीच.

त्याआधी या विद्येचे हात बरेच मोकळे होते. स्टॉकहोममध्ये १८१३ साली पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था काढली. कवायतीबरोबर दुखण्यावरचे व्यायामही तिथे शिकवले जात. लिंगच्या परंपरेत लष्करी अधिकारी पुष्कळ होते. कोणती हालचाल द्यायची, किती द्यायची, हे ते स्वतः ठरवत. १८३१ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांच्या संघाने लिंगला सभासद करून घेतलं आणि १८८७ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने या व्यावसायिकांची अधिकृत नोंदणी सुरू केली.

हीच विद्या लंडनमध्ये नर्सच्या हातात गेली, तेव्हा गोष्ट बदलली. १८९० च्या दशकात तिथे मसाजची लाट आली होती. डॉक्टर तो लिहून देत, नर्स तो शिकून घेत. पण त्याच नावाखाली शहरात वेश्याव्यवसायाची घरंही चालू लागली. वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती येत, मसाज शिकवण्याच्या नावाखाली तरुण मुलींना फसवलं जाई. १८९४ च्या उन्हाळ्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे प्रकरण लावून धरलं. त्यामुळे प्रामाणिकपणे रोग्यांची सेवा करणाऱ्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

तेव्हा लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघी एकत्र आल्या. रोझलिंड पॅजेट शिकलेली नर्स आणि सुईण. सुईणींच्या नोंदणीसाठी झटणारी. या चौघींनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था काढली, परीक्षा ठेवली आणि काही नियम घातले. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय मसाज करायचा नाही. पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यायचा नाही. तातडीची किंवा शुश्रूषेची गरज असेल आणि डॉक्टरांनी खास सांगितलं असेल, तेवढाच अपवाद. जाहिरात करायची तर फक्त वैद्यकीय नियतकालिकात. रोग्यांना औषधं विकायची नाहीत.

हे नियम एकापाठोपाठ एक वाचले की पहिल्या नियमाचा अर्थ उलगडतो. बाजूचे नियम अब्रू सांभाळणारे आहेत, आणि पहिलाही त्यांचाच भाऊ आहे. या बाईला अमुक डॉक्टरांनी बोलावलं आहे, ती रस्त्यावरच्या पाटीवाल्या घरातली नाही, एवढं सांगण्यासाठी कागद हवा होता. आपली चिठ्ठी जन्माला आली ती अशी, बाईच्या चारित्र्याचा दाखला म्हणून. दुसऱ्या कुणी तो लादला नव्हता, त्यांनी तो स्वतः मागून घेतला. मला या चौघींबद्दल फार आदर वाटतो. त्या काळात, त्या शहरात, एकट्या बाईने अनोळखी घरात जाऊन अनोळखी शरीराला हात लावायचा, तर दुसरा कोणता आधार तिच्यापाशी होता?

योगायोग असा की ‘फिजिओथेरपी’ हा शब्दही त्याच वर्षी, १८९४ मध्ये, एडवर्ड प्लेटर नावाच्या कॅनडातल्या डॉक्टरांच्या लेखात इंग्रजीत अवतरला. हवा, पाणी, प्रकाश, व्यायाम अशा नैसर्गिक उपचारांसाठी त्यांनी तो सुचवला होता. मसाज करणाऱ्या बायका आणि हा शब्द यांची गाठ पडायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

चिठ्ठीच्या नियमाने काम चोख केलं. डॉक्टरांचा विश्वास मिळाला, रोगी मिळू लागले. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आल्मेरिक पॅजेट यांच्या नावाचं मसाज पथक ५० स्त्रियांनिशी उभं राहिलं. जखमी सैनिकांच्या ताठरलेल्या सांध्यांवर आणि लुळ्या पडलेल्या हातापायांवर काम करता करता ते कितीतरी पटींनी वाढलं. युद्धानंतर, १९२० मध्ये, चौघींच्या संस्थेला राजाची सनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिच्या नावात ‘फिजिओथेरपी’ आली. आता तिच्या सभासदांच्या अब्रूवर कोणी शंका घेत नव्हतं. तरी चिठ्ठी राहिली, कारण तोपर्यंत ती शिस्त झाली होती, आणि शिस्तीचं कारण सहसा कोणी विचारत नाही.

ते विचारलं ऑस्ट्रेलियाने. तिथली संघटना १९०६ मध्ये याच धर्तीवर स्थापन झाली होती, आणि डॉक्टरांनी पाठवल्याशिवाय रोगी घ्यायचा नाही हे तिच्या आचारसंहितेतलं पहिलं तत्त्व होतं. १९७० च्या दशकात फिजिओथेरपिस्ट प्रू गॅली आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध बोलू-लिहू लागले. शिक्षण वाढलं आहे, तपासणी आम्हीच करतो, उपचार आम्हीच ठरवतो, मग जबाबदारीही आम्हीच घेऊ, असं म्हणणं होतं. ऑगस्ट १९७६ मध्ये संघटनेने ते तत्त्वच रद्द केलं. जगभरच्या संघटनांचा महासंघ तेव्हा अशा धाडसाला तयार नव्हता. १९७८ च्या तेल अवीवच्या बैठकीत हा निर्णय ज्या त्या देशावर सोपवला गेला.

खुद्द ब्रिटनमध्ये १९७७ साली आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढलं. उपचार कोणता आणि किती दिवस, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं, हे त्यात मान्य झालं. वाचताना बारीक वाटणारा हा बदल फार मोठा आहे, कारण चिठ्ठ्या दोन जातींच्या असतात. एकीत ‘हे करा’ असं लिहिलेलं असतं, दुसरीत ‘यांना बघा’ असं. पहिलीत फिजिओथेरपिस्ट हुकूम पाळणारा हात असतो. दुसरीत तो तपासणारा डोळा असतो.

माझ्या आईचा उजवा खांदा धरला होता तेव्हा मला हा फरक समजला. तिला अंबाडा घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. आमच्याच गल्लीत फिजिओथेरपीचा दवाखाना होता. “काकू, चिठ्ठी आणलीत का?” तिथल्या बाईंनी विचारलं. हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला दोन आठवडे गेले. रात्री त्या कुशीवर वळलं की आई कळवळून उठायची, आणि आम्ही कागदाची वाट पाहत होतो. शेवटी मिळालेल्या चिठ्ठीत चार शब्द होते: खांदा, शेक, दहा दिवस. हात कुठपर्यंत वर जातो, पाठीमागे किती वळतो, हे डॉक्टरांनी पाहिलंच नव्हतं. ते पहिल्याच दिवशी त्या बाईंनी मोजलं, वहीत लिहिलं आणि शेकाच्या जोडीला भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर दिला. त्या दोन आठवड्यांची चुटपुट मला अजून आहे.

अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९५७ मध्येच कायद्यात चिठ्ठीची अट ठेवली नव्हती, पण उरलेल्या राज्यांची रांग संपायला २०१५ उजाडलं. तेव्हा कुठे पन्नासही राज्यांत, कुठे कमी कुठे जास्त, दार उघडलं. खरी परीक्षा आधी लष्करात झाली होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हाडांचे डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा पाठदुखी-गुडघेदुखीचे सैनिक सरळ फिजिओथेरपिस्टकडे पाठवले गेले. पुढे २००५ मध्ये लष्करी दवाखान्यांतल्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठीविना आलेल्या ५०,७९९ रोग्यांमध्ये या थेट येण्याने अपाय झाल्याची एकही नोंद सापडली नाही.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण डॉक्टरांचा आक्षेप खोटा नाही. खांद्याचं दुखणं कधी हृदयाचं असतं. पाठीच्या दुखण्यामागे कधी मणक्यात उतरलेला कर्करोग असतो. अशा दुखण्यावर शेक देत बसलं तर माणूस जातो. म्हणून मला खरा प्रश्न वाटतो तो एवढाच, की समोरच्या फिजिओथेरपिस्टला हे ओळखता येतं का.

आपल्याकडे ही विद्या शास्त्र म्हणून आली ती रुग्णालयाच्या आतूनच. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओने मुलांचे पाय लुळे केले, तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये देशपातळीवरची संघटना झाली. रोगी वॉर्डातून विभागात यायचा, सोबत केसपेपर यायचा. तिथे चिठ्ठी वेगळी मागावीच लागत नसे. पदवीधर मुलं-मुली बाहेर पडून स्वतःचे दवाखाने थाटू लागली तेव्हा तीच सवय त्यांच्यासोबत पाटीखाली येऊन बसली. आणि त्याच गल्लीत मालिश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे लोक कधीच चिठ्ठी नेत नव्हते. साडेचार वर्षं हे शास्त्र शिकलेल्या मुलीलाच तेवढी परवानगी लागायची. हे मला आजही खुपतं.

महाराष्ट्राने २००२ मध्ये व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेसाठी कायदा केला. मग २०२१ चा केंद्राचा कायदा आला. फिजिओथेरपिस्ट रोग्याची सर्वांगीण तपासणी करतो आणि स्वतंत्रपणे किंवा इतरांच्या सोबतीने काम करू शकतो, हे त्या कायद्यातल्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

उरतो तो धोका ओळखण्याचा प्रश्न. नेदरलँड्सने १ जानेवारी २००६ पासून चिठ्ठीची अट काढली, तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टना पहिल्या भेटीत एक निवाडा करायला शिकवलं गेलं. प्रश्न विचारायचे, तपासायचं आणि ठरवायचं: ‘प्लाउस’ की ‘निट-प्लाउस’. म्हणजे सगळं सरळ दिसतंय, की कुठेतरी पाणी मुरतंय. रात्री झोपू न देणारं दुखणं, विनाकारण घटलेलं वजन, ताप, पूर्वी झालेला कर्करोग असं काही निघालं, तर रोगी त्याच्या डॉक्टरांकडे परत जातो.

इकडचे जाणते फिजिओथेरपिस्टही हेच करतात. कंबरदुखीचा रोगी सांगतो की सकाळपासून लघवीला होत नाही, बसायच्या जागी बधिरपणा आलाय. त्या क्षणी ते मशीन बंद करतात, रोग्याच्या मुलाला फोन लावतात आणि रिक्षा येईपर्यंत स्वतःच्या लेटरहेडवर डॉक्टरांना उद्देशून लिहायला बसतात: दोन्ही पायांत शक्ती कमी, मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श कळत नाही, लघवी अडली आहे, मणक्याचा एमआरआय आजच व्हावा.