सातजणींचा हिशेब आणि कापरेकर मास्तर

आम्ही चाकण पट्ट्यातल्या बायका. आमच्यातली कुणी कंपनीत पॅकिंगला जाते, कुणी कँटीनमध्ये पोळ्या लाटते, तर कुणी कांदा निवडायला जाते.

आमच्या बचत गटातल्या सातजणींनी मिळून दहा लाखांचं कर्ज घेतलं. सारखे वाटे केले, प्रत्येकीला १,४२,८५७ रुपये. वहीत बेरीज केली तर आले ९,९९,९९९. मग एक रुपया गेला कुठे? सगळ्या जणी वही लिहिणारीकडे बघायला लागल्या. रुपया तो केवढा! पण विश्वासाला तडा जायला तेवढाही पुरतो.

तिने सगळ्यांसमोर भागाकार मांडला. दहा लाखांना सातने पूर्ण भाग जातच नाही, एक उरतोच. रुपया कुणी खाल्ला नव्हता. आम्हीच बाकी लिहायला विसरलो होतो.

ही १,४२,८५७ संख्या मोठी गमतीची आहे. दोघींचे वाटे मिळवा, २,८५,७१४ होतात. तिघींचे मिळवा, ४,२८,५७१. आकडे तेच सहा आणि त्यांचा क्रमही तोच. फेर धरलेल्या बायकांसारखे ते फिरतात, फक्त सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. असं का? एकाला सातने भागत गेलं की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते आणि पुन्हा ३ पासून तोच फेर सुरू होतो. दोनाला भागायला घेतलं तर त्याच फेरात मधूनच शिरायचं, एवढंच.

अशाच संख्यांच्या नादी लागलेले एक मास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकले. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळेत शिकवलं. पदवीच्या पुढचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं.

त्यांनी दाखवलेली एक गंमत पाहा. ४५ ला ४५ ने गुणलं की २०२५ येतात. त्याचे दोन भाग करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! आता आपली संख्या घ्या. १,४२,८५७ ला तिनेच गुणलं की २०,४०,८१,२२,४४९ येतात. २०,४०८ आणि १,२२,४४९ मिळवा, पुन्हा १,४२,८५७! अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

मास्तरांच्या या कामाला इथल्या बऱ्याच गणितज्ञांनी किरकोळ मानलं. १९७५ साली अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि नाव दूरवर गेलं. १९८६ साली मास्तर गेले.

आकडे मोठ्या शिकलेल्यांचेच असतात, असं आम्हालाही वाटायचं. आता आमच्या वहीत ‘बाकी’चा एक रकाना आहे आणि त्यात पहिली नोंद आहे १ रुपया. तुमच्याही वहीत तो रकाना आखा. बाकी दिसत नसेल, तर बोट दाखवण्याआधी भागाकार करा.