माहुलच्या रिफायनरीतलं दोन-चार सेकंदांचं गणित : क्रॅकिंगचं मॉडेल म्हणजे काय?

घाटकोपरच्या दक्षिणेला चेंबूर आणि त्यापुढे माहुल. इथे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या रिफायनऱ्या आहेत, अनुक्रमे १९५४ आणि १९५५ पासूनच्या. दोन्हीकडे कच्च्या तेलातला जड भाग फोडून पेट्रोल आणि एलपीजी मिळवणारं युनिट आहे. त्याचं नाव फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकर.

आत काय घडतं?

रायझर नावाच्या उभ्या पाइपात उत्प्रेरकाची तापलेली पावडर खालून येते. तिच्यावर जड तेल फवारलं की त्याची वाफ होते आणि ती पावडरीला घेऊन वर उसळते. साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला, दोन-चार सेकंदांत मोठे रेणू तुटतात. तेवढ्यातच पावडरीवर कोक, म्हणजे कार्बनचा थर बसतो आणि तिचा जोर कमी होतो. मग रिजनरेटरमध्ये हवा सोडून हा कोक जाळतात. पावडर ७०० अंशांच्या आसपास तापते आणि तीच उष्णता घेऊन रायझरमध्ये परतते.

मग गणित कशाला?

जास्त वेळ किंवा जास्त तापमान मिळालं, तर तयार झालेलं पेट्रोलही फुटून गॅस होतो. कमी पडलं, तर जड तेल तसंच उरतं. कोक कमी झाला तर उष्णता पुरत नाही, जास्त झाला तर रिजनरेटर प्रमाणाबाहेर तापून उत्प्रेरक खराब होतो. चालू प्लांटवर असे प्रयोग परवडत नाहीत, म्हणून ते आधी मॉडेलवर करतात.

हजारो रेणूंचा हिशोब कसा?

प्रत्येक रेणूचं वेगळं समीकरण मांडणं अवघड. मोबिल कंपनीतल्या व्हर्न वीकमन यांनी १९६८ मध्ये तीनच गट केले: जड तेल, पेट्रोल, आणि गॅस व कोक मिळून तिसरा. या पद्धतीला लम्पिंग म्हणतात. जड तेल फुटण्याचा वेग त्यांनी उरलेल्या तेलाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला. कारण सहज तुटणारे रेणू आधी संपतात, चिवट मागे राहतात आणि वेग झपाट्याने घटतो.

अडचण एकच होती. तेल बदललं की मॉडेलमधले आकडे नव्याने काढावे लागत. मुंबई हायचं हलकं तेल आणि आखातातलं जड तेल सारखं फुटत नाही. म्हणून १९७६ मध्ये रेणूंच्या रचनेनुसार दहा गटांचं मॉडेल आलं. गट वाढले की अंदाज सुधारतो, पण मोजायचे आकडेही वाढतात. आणि मॉडेल कितीही मोठं असलं, तरी प्लांटमधल्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवता येत नाही.