साक्ष : स्वतःविरुद्ध दिलेली (थ्रेड)

१/ शाळेत असताना वाशीमला एका परिचित ख्रिस्ती कुटुंबाकडे प्रार्थनेस गेलो होतो. मध्येच कोणी म्हणाले, "आता काका साक्ष देतील." जऊळक्याच्या मुलाला साक्ष ठाऊक होती ती बांधाच्या खटल्यातली, दुसऱ्याविरुद्ध द्यायची. येथे मात्र एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले आणि आपली दारू, आपला संताप, बायकोशी आपण कसे वागलो, हे सर्वांसमक्ष सांगू लागले. मी खाली मान घालून बसलो.

२/ वाशीमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय आहे. अशा मंडळ्यांमध्ये साक्षीची रीत रुळलेली. पुढे इतिहास शिकताना ध्यानात आले की या रीतीने मराठी गद्यालाही काही मोलाचे दिले आहे. स्वतःचे दुबळेपण छापून लोकांच्या हाती देण्याचे धैर्य मराठीत कसे आले, ते आज तीन माणसांच्या आधारे पाहू.

३/ पहिले बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगाव. तरुणपणी ते मुंबईच्या परमहंस सभेत होते. १८४९ साली स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानीत नसे. नवा सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाई. पण हे सारे गुप्तपणे, बंद दाराआड. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विस्कटली.

४/ सभासदांना भ्याड म्हणणे आज सोपे आहे. बहिष्कृत होणे म्हणजे घर, बायको, पाणवठा, मर्तिकाला खांदा, सगळेच गमावणे. पदमनजींनी १८५४ मध्ये उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि ही किंमत मोजली.

५/ त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील आत्मचरित्रांपैकी हे एक. परमहंस सभेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेच याच पुस्तकामुळे. मला त्यात अधिक भावते ती चालढकल: बुद्धीला पटलेले असूनही पाऊल न उचलणारा, आप्तांच्या प्रेमात आणि भयात अडकलेला तरुण. तरीही नावच सांगते की कथेची दिशा ठरलेली आहे. आधी रात्र, मग पहाट.

६/ साक्षीचा धोका येथेच आहे. "मी पूर्वी असा होतो" हे सांगायला फारसे धैर्य लागत नाही, कारण सांगणारा आता पैलतीरावर उभा असतो. प्रकाश दिसल्यानंतरही मी चुकतो, अडखळतो, हे सांगणे कठीण.

७/ दुसऱ्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला आहे, जरूर वाचा. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, कोणाच्या अधिकाराखाली सद्सद्विवेक गहाण ठेवणार नाही, हे त्या आश्रयदात्यांनाच कळवतात. परक्या देशात, पदरी लहान मूल, आधार त्यांचाच, अशा स्थितीत!

८/ १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या आणखी पुढे जातात. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपले मन अशांत होते, तत्त्वे मान्य केली तरी अंतःकरण रितेच राहिले, अशी कबुली त्या देतात. तोवर शारदा सदन (१८८९) आणि केडगावचे मुक्ती मिशन उभारून त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या. पोकळपणा झाकून ठेवणे त्यांना सहज शक्य होते.

९/ १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठे धार्मिक जागरण झाले. अनेक मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. यांतील कित्येकींना दुष्काळाने वा वैधव्याने येथे आणले होते. ज्यांच्या छपराखाली राहायचे, त्यांच्यासमोर दिलेली कबुली किती मोकळी असेल? मी ती खोटी म्हणत नाही. पण त्या मुलींचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत फारच थोडा पोहोचला आहे, हे विसरू नये.

१०/ तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. पत्नीला ते नंतर कळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, पण सोवळे घेऊनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा असे. जात माणसानेच केली, हे त्यांचे त्यांना उमगत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

११/ 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. त्यांत साक्षीचा ठरीव साचा जवळजवळ नाहीच. टिळकांचा संताप आणि उधळेपणा बाप्तिस्म्याआधी होता, नंतरही आहे. लक्ष्मीबाईंचा हट्ट, भाबडेपणा आणि भीतीही तशीच. टिळक मोठे कवी, ख्रिस्ती समाजाला वंद्य. तरी त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह बाईंनी टाळला. स्वतःलाही हसल्या.

१२/ हे बळ त्यांना कोठून मिळाले? एक उत्तर आपल्या घरातच सापडते. स्वतःला पतित म्हणवून देवाशी भांडणारे तुकोबा मराठी माणसाच्या कानी लहानपणापासून असतात. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून मराठी ख्रिस्ती आत्मकथनाला केवळ मिशनऱ्यांची देणगी मानणे मला अपुरे वाटते. परक्या रीतीला येथे ओळखीची माती मिळाली.

१३/ तेव्हा पुढच्या वेळी एखादे आत्मचरित्र साधन म्हणून वापराल, तर लेखकाने कोणत्या काळातल्या चुका कबूल केल्या आहेत, ते आधी पाहा. साऱ्या चुका जुन्या असतील, तर थोडे सावध राहा.

१४/ वाशीमचे ते गृहस्थ शेवटी म्हणाले होते, "राग अजून येतो. परवाच आला होता." त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी ऐकलेल्या साक्षींपैकी मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेली साक्ष तीच.