शिवराज्याभिषेकाची तयारी आणि रयतेची सेवा

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की गावात पहिला प्रश्न निघतो तो कामाच्या वाटणीचा. दगड कोणाच्या गाडीने यावयाचा, वर्गणीची वही कोणाकडे राहावयाची, कळसाच्या दिवशी पंगतीस पाणी कोणी द्यावयाचे, ही चर्चा पारावर आणि ओसरीवर महिनोन्महिने चालते. देवाच्या प्रतिष्ठापनेस जशी सर्व गावाची सेवा लागते, तशीच पूर्वी राजाच्या अभिषेकासही लागत असे. महाराष्ट्रात झालेल्या अशा सर्वांत मोठ्या समारंभाची हकीकत या निमित्ताने ग्रामस्थ व देणगीदार मंडळींपुढे ठेवीत आहोत असे म्हणण्यापेक्षा, ती प्रत्येक गावकऱ्याने एकदा वाचावीच अशी आहे, असे म्हणणे योग्य होईल.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर, म्हणजे इसवी सन १६७४ च्या जून महिन्याची ६ तारीख, या दिवशी रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. ही तारीख जुन्या इंग्रजी कालगणनेची असून हल्लीच्या हिशेबाने ती १६ जूनला येते. मृगाचे दिवस, शेतकऱ्याच्या पेरणीची घाई. हट्टा, वसमत, औंढा, परभणी हा सारा मुलूख त्या वेळी औरंगजेबाच्या अमलाखाली होता. येथील कुणब्याचा सारा मोगलांच्या खजिन्यात जमा होत होता. तरीही या समारंभाचा एक धागा मराठवाड्यातून गेलेला आहे.

तो धागा म्हणजे गागाभट्ट. त्यांना सर्वजण काशीचे पंडित म्हणून ओळखतात, परंतु हे भट्ट घराणे मूळचे गोदातीरीच्या पैठणचे. गागाभट्टांचे पणजोबा नारायणभट्ट यांचे नाव काशीविश्वेश्वराच्या सोळाव्या शतकातील पुनर्बांधणीशी निगडित आहे, आणि त्यांचे चुलते कमलाकरभट्ट हे ‘निर्णयसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते. म्हणजे एका मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या घराण्यातील पुरुषानेच पुढे मराठ्यांच्या राजाचा अभिषेक केला. महाराजांच्या अधिकाराविषयी शंका काढणारे त्या काळी पुष्कळ होते. अनेक पिढ्यांत असा अभिषेक झालेला नसल्याने विधी कोणता हाही प्रश्नच होता. गागाभट्टांनी जुने ग्रंथ पाहून प्रयोग सिद्ध केला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी महाराजांची मुंज झाली, राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लागले. त्यापूर्वी महाराज चिपळूणजवळच्या परशुरामाचे आणि प्रतापगडच्या भवानीचे दर्शन घेऊन आले व देवीस सोन्याचे छत्र वाहिले.

आता तयारीकडे वळू. रायगडासारख्या उंच गडावर प्रत्येक वस्तू चढवून न्यावी लागे. धान्य, तूप, गूळ, सरपण, पत्रावळी, वैरण, मांडवाचे वासे हे सर्व माणसांच्या डोक्यावरून अथवा जनावरांच्या पाठीवरून वर गेले. सभासदाच्या बखरीत पन्नास हजार वैदिक ब्राह्मण जमल्याचे लिहिले आहे. हा आकडा फुगवलेला मानला तरी हजारो पाने रोज उठत होती यात शंका नाही, आणि एवढ्या पंगतीमागे किती जाती जात्यावर बसल्या असतील याचा अंदाज गावजेवण घातलेल्या कोणासही सहज येईल. बखरकार सिंहासन बत्तीस मण सोन्याचे सांगतो. सोन्याचा हिशेब सर्वांनी लिहिला, ओझ्याचा कोणी लिहिला नाही.

विधीच्या साहित्यात सात नद्यांचे व समुद्राचे पाणी होते. गोदावरी त्यातलीच एक. परंतु त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे माती. राजाच्या अंगाला स्नानापूर्वी निरनिराळ्या ठिकाणची माती लावावी असे अग्निपुराणात सांगितले आहे. मस्तकास पर्वतशिखरावरची माती, कानांस वारुळाची, मुखास विष्णुमंदिरातील, उजव्या हातास हत्तीने सुळ्याने उकरलेली, डाव्या हातास बैलाने शिंगाने उकरलेली, पाठीस तळ्यातील, पोटास नद्यांच्या संगमाची, गुडघ्यांस गोठ्यातील आणि पायांस रथाच्या चाकाखालची. वेश्येच्या दारची मातीसुद्धा यातून वगळलेली नाही. राजा ज्या मुलखावर बसणार तो मुलूख त्याने आधी अंगाला लावून घ्यावयाचा, असा याचा सरळ अर्थ दिसतो. आता ही माती गोळा करावयाची म्हणजे गुराखी, कोळी, माहूत, गाडीवान यांच्याकडेच जावे लागणार; पोथी वाचणाऱ्यास वारूळ कोठे आहे ते ठाऊक नसते.

अभिषेकाच्या कलशांचेही तसेच. पूर्वेस सोन्याच्या कलशात तूप, दक्षिणेस चांदीच्या कलशात दूध, पश्चिमेस तांब्याच्या कलशात दही अशी मांडणी असून रायगडावर या दिशांना अनुक्रमे मोरोपंत पिंगळे, हंबीरराव मोहिते आणि रामचंद्र नीळकंठ उभे होते असे वर्णन येते. पुराणाने चौथा घट मातीचा सांगितला आहे. त्यात नुसते पाणी, आणि तो शूद्र अमात्याने उत्तरेकडून राजाच्या मस्तकी ओतावयाचा. त्या मातीच्या घटावाचून विधी पुरा होत नाही. हे लिहिणाऱ्या शास्त्राच्याच नावाने पुढे गावोगाव घट घडविणाऱ्या कुंभारास मांडवाच्या कडेला बसविले गेले आणि ओझे वाहणाऱ्या महार-मांगांस तर मंदिराच्या पायरीलाही शिवू दिले गेले नाही. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, सर्वांच्या वाट्याला बलुते आणि काम होते. मान मात्र सर्वांना सारखा नव्हता. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत एवढे स्पष्ट लिहिलेले बरे.

रयतेने राजास द्यावयाचे ते सारा, नजर आणि सेवा. त्यातील सेवा राजी-खुशीची किती आणि वेठीची किती, यावर राज्याची परीक्षा होते. राज्याभिषेकाच्या खर्चासाठी सिंहासनपट्टी बसविली गेली, ती वतनदारांच्या अंगावर. ज्यांच्या पदरी हक्क आणि इनाम, त्यांच्याकडून वसूल, ही रीत आजच्या वर्गणीच्या यादीलाही लावता येईल! याच सुमारास चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापुरता साठविलेला दाणागोटा आधीच उधळला तर पुढे लष्कर कुणब्यांच्या घरात शिरेल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, आणि मग रयतेला मोगल बरे वाटू लागतील, अशी ताकीद त्यात आहे. पाहिजे ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, असा हुकूम आहे. इतकेच काय, रात्री दिवा जळता ठेवू नये, उंदीर वात पळवून गवताच्या गंजीस आग लावील, इथपर्यंत राजाने लिहावे याचे आश्चर्य वाटते. गंजी जळाली म्हणजे काय होते हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही, पण राजासही ते माहीत होते.

समारंभास मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील आला होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू पाहिल्याचे त्याने नोंदविले आहे. एवढ्या अवघड वाटेने हत्ती गडावर कसे आले याचाही त्याला अचंबा वाटला. मिरवणूक निघाली तेव्हा घराघरांतून स्त्रियांनी ओवाळून लाह्या, फुले व दूर्वा उधळल्या. अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे जिजाबाईंचे देहावसान झाले. त्यानंतर २४ सप्टेंबर १६७४ रोजी निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून महाराजांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेकही करून घेतला.

हट्ट्याच्या वाट्याला मात्र पुढे निजामशाही आली. १९३७ साली हैदराबादेत शेवटच्या निजामाच्या कारकीर्दीचा रौप्यमहोत्सव झाला. तेथेही दरबार आणि नजराण्यांचा थाट होताच. त्यानंतर अकराच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, ते राज्य संपले आणि येथील रयत नागरिक झाली. परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

रायगडावरील वाडे आज पडलेले आहेत. जगदीश्वराचे मंदिर उभे आहे. गडाचे बांधकाम ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या हिरोजी इंदुलकरांचे नाव तेथील संस्कृत शिलालेखात येतेच, परंतु सेवेस तत्पर अशी त्यांची ओळख देणारा मराठी लेख मात्र मंदिराच्या पायरीवर कोरलेला आहे. दर्शनास जाणारा प्रत्येकजण त्या पायरीवरूनच आत जातो.