पागडीची खोली आणि एफएसआयचा हिशेब

डोंगरी, नागपाडा, भेंडी बाजार इथं आपली अनेक कुटुंबं पागडीच्या खोल्यांत राहतात. इमारत मोडकळीला आली तरी मुंबईत दुसरं घर घेणं परवडत नाही. अशा वेळी पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, की आधी एफएसआय समजून घ्यायला हवा.

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. १,००० चौरस फुटांच्या भूखंडावर तो ३ असेल, तर ३,००० चौरस फूट बांधकाम करता येतं. त्यातून आधी भाडेकरूंची घरं, उरलेली बिल्डर बाजारभावाने विकतो.

१९९१ च्या नियमांत शहरासाठी मूळ एफएसआय १.३३ होता. आताच्या नियमावलीत ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींना कलम ३३(७) खाली किमान ३, तर समूह पुनर्विकासाला ३३(९) खाली किमान ४ मिळतो. ३३(७) मध्ये पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतं आणि ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते.

म्हणून आम्ही सांगतो, घाईत सही करू नका. चटई क्षेत्र, तात्पुरतं भाडं आणि ताब्याची तारीख नोंदणीकृत करारात लिहून घ्या. नव्या टॉवरचा मेंटेनन्स कोण भरणार, हेही विचारा. घर मोफत मिळालं, तरी दरमहा तो खर्च झेपला पाहिजे.